चाळलेली राख

मनोहररावांनी कोणाला शाबास म्हटलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कौतुक करायचं म्हटलं की या माणसाच्या जिवावर यायचं. प्रयागबाईंनी वांग्याची भाजी अशी करावी की गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या तोंडाला पाणी सुटावं, आणि ह्यांनी ताटावरून उठताना म्हणावं, "मीठ बरोबर होतं." एवढ्यावर त्या बाईनं संसार केला. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. पुढे तो राग ठेवायला जागा उरली नाही.

इतवारीत नत्थूजींचं भांड्यांचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर आमची दोन बिऱ्हाडं. एकात मी, कॉर्पोरेशनच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, बिनलग्नाची आणि लोकांच्या मते म्हणूनच तिरसट. दुसऱ्यात मनोहरराव आणि प्रयागबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. मधे सामाईक गॅलरी आणि खाली जायला एकच लाकडी जिना, तो थेट दुकानाच्या दारात उतरायचा.

मनोहरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या बांधल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि रवाना केल्या. घरीही तीच सवय. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या गळ्यात सुतळी आणि सुतळीला चिठ्ठी: हळद, मेथ्या, तूरडाळ. प्रयागबाईंना वाचता येत नव्हतं, हा भाग वेगळा.

ते रिटायर झाले त्याच साली प्रयागबाई न्हाणीत घसरल्या आणि खुबा मोडला. हाड कसंबसं सांधलं, पण त्यांचं उभं राहणं संपलं. खिडकीशी खाट टाकली आणि शेवटपर्यंत त्या त्याच खाटेवर राहिल्या. स्वयंपाक, धुणं, त्यांची अंघोळ, कूस बदलणं, सगळं मनोहररावांवर येऊन पडलं. त्यांनी ते केलं, पण चेहऱ्यावर भाव पार्सल ऑफिसातलाच. खाटेवरून खिडकीतून दिसायचं काय, तर समोरची कौलं आणि विजेचा एक खांब. प्रयागबाई दिवसभर तेवढंच बघत पडायच्या.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधले एक गार्डसाहेब मनोहररावांचा निरोप घ्यायला आले. नोकरी संपवून ते मुलीकडे मद्रासला चालले होते. त्यांच्या कोटात एक पिल्लू होतं, डॅशंड जातीचं. अंग लांबलचक, पाय वीतभरसुद्धा नाहीत, कान लोंबते. जेवायच्या पाटाला शेपूट फुटावं तसं दिसायचं. वेतातलं तेवढंच कोणी नेलं नव्हतं. गार्डसाहेब चहा पीत होते तेवढ्यात ते निसटलं, खाटेशी ठेवलेल्या ट्रंकेवर चढलं, तिथून खाटेवर गेलं आणि प्रयागबाईंच्या कुशीत तोंड खुपसून झोपलं.

"राहू द्या ना याले," प्रयागबाई म्हणाल्या.

"काहून? घरात काम कमी आहे का?"

"दिवसभर मी कोणाशी बोलू? तुमच्याशी?"

मनोहररावांनी पिल्लाकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाहू." मला वाटलं, झालं, पिल्लाची बोळवण होणार. पण प्रयागबाई हसल्या. त्यांना त्या 'पाहू'चा अर्थ माझ्यापेक्षा बरा कळत होता. पिल्लू राहिलं. काम ना धाम आणि लोडाला टेकून बसण्याची ऐट मोठी, म्हणून प्रयागबाईंनी त्याचं नाव दिवाण ठेवलं.

त्याच संध्याकाळी नत्थूजी वर आले. माणूस वाईट नव्हता, पण दुकानाच्या उंबरठ्याला रोज हळदकुंकू वाहणारा होता. ते म्हणाले, "मनोहरराव, कुत्रं पाळा, माहं काही म्हणणं नाही. पण जिन्यात नाही तं दुकानासमोर त्यानं घाण केली, तं त्याच दिवशी ते इथून जाईन. गिऱ्हाईक पाय ठेवते तिथं."

दिवाणचं या घरात राहणं यावरच टांगलेलं होतं. जिना उतरायचा नाही, गल्लीत जायचं नाही. जे काय करायचं ते माडीवर, ठरल्या जागी. मनोहररावांनी बाजारातून संत्र्याची एक रिकामी पेटी आणली, आखूड पायांना चढता यावं म्हणून एक बाजू करवतीनं खाली कापली, तळाला पत्रा ठोकला आणि रेती भरून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवली. मला म्हणाले, "बाई, आठ दिवसात शिकवतो."

मी शाळेत मुलींना पाढे शिकवत होते, त्यामुळे मला हसू आलं.

दिवाणनं रेती खाल्ली. रेती काढून वर्तमानपत्रं अंथरली, तर त्यानं ती फाडून घरभर केली. लाकडाचा भुसा घातला, तर त्यात तो मजेत झोपला. जेवण झालं की मनोहरराव त्याला उचलून पेटीत ठेवायचे आणि समोर स्टुलावर बसायचे. दिवाण पेटीत बसून त्यांच्याकडे बघायचा. दोघंही हटायचे नाहीत. शेवटी मनोहरराव कंटाळून आत गेले की हा पेटीतून उतरायचा, शांतपणे त्यांच्या चपलांपाशी जायचा आणि तिथे मोकळा व्हायचा. कित्येक महिने हेच. मनोहररावांच्या नाकी नऊ आले. एकदा मला ऐकू आलं, ते त्याला सांगत होते, "अरे, तुले जा लागेन इथून. मग ते रडंन. मी काय करू मग?"

ते म्हणजे प्रयागबाई. या माणसाला बायकोच्या रडण्याची धास्ती आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी तोडगा दिवाणनंच काढला. अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीतली राख थंड झाली होती, तो तिच्यात शिरला आणि काम उरकून आला. मनोहररावांनी काठी उचलली होती, ती खाली ठेवली. "राख पाह्यजे का तुले," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेटीत राख पडली. पण तिच्यातले कोळशाचे तुकडे दिवाणच्या पायांना टोचायचे, मग तो पाय झटकत बाहेर. म्हणून मनोहरराव रोज सकाळी गॅलरीत बसून राख चाळायला लागले, प्रयागबाईंच्या पिठाच्या चाळणीनं. प्रयागबाईंनी आतून आरडाओरडा केला तेव्हा वेगळी चाळणी आली. चाळलेली राख एका पत्र्याच्या डब्यात, आणि डब्याच्या गळ्यात चिठ्ठी: दिवाण. पावसाळ्यात राख सर्द झाली की साहेब तिच्यात पाऊल घालायचे नाहीत. मग मनोहरराव ती तव्यावर गरम करून कोरडी करायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, नाहीतर विश्वास ठेवला नसता.

आणि एक कडक नियम होता. दिवाण पेटीत असताना कोणी हालायचं नाही, बोलायचं नाही. जरा खुट्ट झालं तरी तो बाहेर येतो आणि मग चपला. एकदा नत्थूजी भाडं न्यायला आले असताना मनोहररावांनी त्यांना हातानंच थांबवलं, आणि ते बिचारे एक पाय जिन्यावर, एक पाय गॅलरीत, असे श्वास धरून उभे राहिले. पुढे पुढे आम्हा सगळ्यांच्या अंगातच ते भिनलं. दिवाणनं राखेत पाय ठेवला की आम्ही जिथल्या तिथे पुतळ्यासारखे व्हायचो.

काम झालं की दिवाण राखेच्या पायांनी थेट खाटेकडे धावायचा. प्रयागबाईंच्या उशाखाली एक पितळी डबी असायची, तिच्यात तुपात भिजवलेले पोळीचे तुकडे. खाटेवरून हात खाली यायचा. "शाबास, माह्या राजा." पेटीपासून उशापर्यंत फरशीवर राखेची पावलं उमटायची आणि मागोमाग मनोहरराव ओलं फडकं घेऊन ती पुसत यायचे. "तिकडं तुकडा, इकडं मले फडकं," असं पुटपुटत. प्रयागबाई हसायच्या. मोडलेल्या खुब्याची ती बाई दिवसातून इतक्यांदा हसते, हे बघून मला बरं वाटायचं. शाळेतून येताना मी मुद्दाम त्यांच्या दारात रेंगाळायची.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग प्रयागबाईंचं अन्न तुटलं. पाठीला जखमा झाल्या, श्वास लागायला लागला. डबीतले तुकडे आता मनोहरराव करून ठेवायचे, पण द्यायच्या त्याच. एके दुपारी मी त्यांना वारा घालत होते. मनोहरराव उशाशी औषध कालवत बसले होते.

"माह्या मागं याले कुठं देऊ नोका," त्या म्हणाल्या. "नत्थूजी म्हणतीन, तुमची अक्का म्हणंन. देऊ नोका. हा माह्याच जागी येऊन बसंन."

मनोहरराव औषध ढवळत राहिले. मग म्हणाले, "पाहू."

प्रयागबाईंनी डोळे मिटले. त्यांना तेवढं पुरलं होतं.

होळी जवळ आली होती. एका सकाळी मनोहररावांनी नेहमीप्रमाणे पेटीतली राख बादलीत काढली, खाली मागच्या उकिरड्यावर टाकली, पेटी झटकली आणि ताजी राख भरायला वर आले. दिवाण खाटेवर होता, प्रयागबाईंच्या हातावर हनुवटी टेकून. रिकामी पेटी खाली ठेवल्याचा आवाज झाला तरी त्यानं वळून पाहिलं नाही. मनोहररावांना त्यावरूनच कळलं. त्यांनी मला हाक मारली, आणि ती हाक ऐकून मलाही कळलं.

दुपारच्या गाडीनं भिवापूरहून त्यांची थोरली बहीण, अक्का म्हणजे रुखमाबाई, आली. विधवा, शेती एकटीनं सांभाळणारी, धर्माची पक्की. रडून झाल्यावर तिची नजर दिवाणवर गेली.

"मयताच्या घरात कुत्रं काहून फिरून राहिलं गा, मनोहर? धाडून दे त्याले."

"तिचं आहे अक्का ते."

"तिचं होतं. आता हे घर सुतकात आहे. आज रात्री राख मांडाची आहे. तिले त्याचं नाक जरी लागलं, तं मी इथं पाण्याचा घोट घेणार नाही, आन त्याले बी राहू देणार नाही. मीच सोबत नेऊन रानात सोडीन."

ती बोलली तसं करणारी होती. मी मधे पडले आणि दिवाणला माझ्या खोलीत घेऊन आले.

राख मांडण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. माणसानं जिथे प्राण सोडला ती जागा सारवून नाहीतर पुसून घ्यायची, तिथे बारीक चाळलेली राख पसरायची, शेजारी दिवा लावायचा आणि राखेवर टोपली पालथी घालायची. सकाळी चार वडीलधाऱ्यांसमोर टोपली उचलून बघायचं, राखेत काय उमटलं ते. गाईचं खूर, पाखराचं पाऊल, लेकराचा पाय. जीव कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून समजतं म्हणतात. सुतकात चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं, तेव्हा ताजी राख कुठून आणायची? घाटावरून सगळे परतल्यावर रुखमाबाईंनी विचारलं आणि मनोहरराव उठून डबा घेऊन आले. इतकी मऊ राख बघून अक्का खूश झाली. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, आणि मनोहररावांना त्या दिवशी काही वाचण्याचं भान नव्हतं. खाट काढून भिंतीला उभी केली आणि त्या जागी डबा सगळा रिकामा झाला.

मला वाटलं होतं, हा माणूस असल्या गोष्टींना नाक मुरडेल. पण राख हातानं सारखी करताना त्यांनी विचारलं, "अक्का, खरंच उमटते का?"

"आईच्या वेळेस पाखराचे पाय उमटले होते. मी माह्या डोळ्यानं पाहलं."

नंतर गॅलरीत ते मला म्हणाले, "मी काही मानत नाही, बाई. पण पाहून तं घेऊ. कुठं गेली, एवढं समजलं तं बरं." ते टोपलीपासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसले आणि तिथून हलले नाहीत.

इकडे दिवाणनं मला रडवलं. त्याची पेटी मी आणून ठेवली होती, पण ती रिकामी. माझ्याकडे रॉकेलचा स्टोव्ह, राखेचं नाव नाही. तो पेटीत चढायचा, फळी हुंगायचा, माझ्याकडे बघून उतरायचा. मी कागद टाकले, पोतं टाकलं. ज्या कुत्र्यानं कित्येक महिने शिकायचं नाकारलं होतं, ते आता शिकलेलं सोडायला तयार नव्हतं. पोट ताठ झालं होतं, कण्हत होता. फटफटलं तशी मी ठरवलं, नत्थूजी काय म्हणायचं ते म्हणोत, याला खाली नेते. दार उघडलं आणि तो माझ्या हातांखालून निसटला.

सुतकाचं घर, दार उघडंच होतं. रुखमाबाई आत स्वयंपाकघरात झोपल्या होत्या. मी दाराशी पोचले तेव्हा दिवाणनं टोपली नाकानं सारली होती आणि तो राखेत उभा होता. मनोहरराव जागे होते. हात लांब केला असता तर त्याला ओढता आलं असतं. मी ओरडले असते तरी झालं असतं. पण त्यानं राखेत पाय ठेवलेला होता, आणि आम्ही दोघंही जिथल्या तिथे थांबलो. मनोहररावांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

काम झालं. दिवाणनं मागच्या पायांनी राख उडवली आणि धावत गेला. जिथे उशी असायची तिथे जाऊन बसला. खाट नव्हती, नुसती फरशी. तो मान वर करून, शेपटीनं फरशी झाडत, हात खाली येण्याची वाट बघत राहिला.

 मनोहररावांनी कालच्या झाकून ठेवलेल्या ताटातून भाकरीचा तुकडा मोडला, गुडघ्यांवर सरकत त्याच्यापर्यंत गेले आणि हात पुढे केला.

"शाबास," ते म्हणाले.  पुन्हा म्हणाले, "शाबास, माह्या राजा." आणि तोंडावर धोतर धरून रडू लागले. कालपासून ते रडले नव्हते. मीही दाराला धरून रडले.

मग ते उठले. ओली राख वेचून काढली, फडकं आणून फरशीवरची पावलं पुसली, उरलेली राख तळहातानं सारखी केली आणि टोपली होती तशी पालथी घातली. सगळं रोजच्यासारखं. आत रुखमाबाईंच्या बांगड्या वाजल्या तेव्हा दिवाण माझ्या पदराखाली होता.

उन्हं आल्यावर नत्थूजी आणि गल्लीतले दोन म्हातारे आले. रुखमाबाईंनी टोपली उचलली, दिवा जवळ नेऊन वाकून पाहिलं. राख सपाट होती. ती म्हणाली, "काहीच नाही. एक रेघ बी नाही. माही भावजय सुटली गा, मनोहर. जन्ममरणातून सुटली." तिला आनंदानं रडू कोसळलं. म्हाताऱ्यांनी हात जोडले. मनोहररावांनीही जोडले.

तेरावा झाल्यावर अक्का भिवापूरला गेली. जाताना दिवाणकडे बघून म्हणाली, "ठेव बापा, तुले सोबत होईन." सुटलेल्या भावजयीचं कुत्रं म्हणून तिचा राग निवळला होता.

त्या संध्याकाळी मनोहरराव गॅलरीत राख चाळत बसले होते. मान खाली घालूनच म्हणाले, "रातभर बसलो होतो, बाई. टोपली उचलून पाहाचं होतं मले. काही उमटलं असंन तं ते याच्या पायाखाली गेलं. आता मले कधीच समजणार नाही."

   मी त्यांच्याजवळ बसले आणि डबा चाळणीखाली धरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाट आडवी करून पुन्हा त्याच जागी टाकली आणि स्वतः तिच्यावर निजायला लागले. नत्थूजींनी समजावलं, मरणाच्या जागेवर असं लगेच झोपू नये म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. दिवाण आणखी बरीच वर्षं जगला. राखेतून उतरला की तो धावत तिथेच जायचा, आणि भिंतीपलीकडून मला तो खरखरीत आवाज ऐकू यायचा, "शाबास." कधी दारावरून जाताना डोकावलं, तर पेटीपासून खाटेपर्यंत राखेची पावलं दिसायची, सकाळची आणि दुपारची, एकावर एक. ती पुसायचं मनोहररावांनी सोडून दिलं होतं.